उघड्यावरचं बी, उघड्यावरचं पिल्लू

नमस्कार श्रोतेहो.

काजूचं झाड आणि रानातला ससा, यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. एक सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं, दुसरा इथलाच, मानेवर काळा डाग असलेला. पण आमच्या कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दोघं शेजारी नांदतात, आणि दोघंही आपली पुढची पिढी उघड्यावर ठेवतात.

बोंडू हातात घेऊन बघा. आपण फळ म्हणून खातो, तो खरं तर फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे खाली लोंबणारी बी. आंबा आपली बाठ गरात लपवतो. त्याच्याच कुळातल्या काजूनं मात्र बी बाहेर टांगली. तिची राखण करतं टरफलातलं तेल. ओले काजूगर काढायला बसण्याआधी आई हातांना राख चोळायची. तरी बोटं काळी पडायचीच, आणि पुढं कितीतरी दिवस सालपटं निघत राहायची. बिब्बाही याच कुळातला, हे त्या बोटांकडं बघून सहज पटायचं.

सशाजवळ असलं तेल नाही आणि बीळही नाही. घरी पाळतात तो पांढरा ससा वेगळ्या जातीचा. त्याची पिल्लं केसांवाचून, डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाचं पिल्लू अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतं. गवतातल्या खळग्यात कान पाठीला चिकटवून ते असं निपचित बसतं की पाय पडेपर्यंत दिसत नाही. आई दिवसा मुद्दाम लांब राहते, कोल्ह्याला माग लागू नये म्हणून. पाजायला येते ती अंधार पडल्यावर.

म्हणून बी वेचताना असं एकटं पिल्लू दिसलं, तर पोरकं समजून घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाला संरक्षण आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची आई संध्याकाळी तिथंच येणार असते.

आणि मंडळी, वणवा. कलम जळलं तर पावसाळ्यात दुसरं लावता येतं. पिल्लाला मात्र संकटात दबून बसणं एवढंच ठाऊक. आग आली तरी ते हलत नाही. बागेतला पाला पेटवू नका. काजूच्या बुंध्याभोवती पसरा, मुळांशी ओल टिकेल. आणि गवत कापायच्या आधी काठीनं गवत बाजूला सारून बघत एक फेरी मारा, सावकाश.