अकरा तास चाळीस मिनिटांची कुस्ती

नमस्कार. १९१२ मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकच्या उघड्या मैदानात उन्हातान्हात लागलेली एक कुस्ती तब्बल ११ तास ४० मिनिटे चालली. एका बाजूला रशियाच्या संघातून उतरलेला एस्तोनियाचा मार्टिन क्लाइन, तर दुसऱ्या बाजूला फिनलंडचा आल्फ्रेड आसिकाइनेन होता. मधूनमधून दोघांना थोडा दम खाऊ दिला जाई आणि पुन्हा झोंबाझोंबी सुरू होई. अखेर क्लाइनने प्रतिस्पर्ध्याला चितपट केले खरे. मात्र अंगात त्राणच न उरल्याने तो अंतिम लढतीला उतरू शकला नाही आणि सुवर्णपदक स्वीडनच्या क्लेस योहान्सनला मिळाले.

ही कुस्ती ग्रीको-रोमन प्रकारातील होती. या प्रकारात कमरेखाली पकड घेता येत नाही आणि पायांचा वापरही करता येत नाही. म्हणजे पट काढण्यात, अर्थात प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला पाडण्यात, तरबेज असलेल्या आपल्या मल्लाचा हुकमी एक्काच येथे आधीच काढून घेतलेला असतो. नाव प्राचीन असले, तरी हा प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडला. प्राचीन ऑलिंपिकमध्ये कुस्ती इ. स. पूर्व ७०८ मध्येच आली होती, पण तिचे नियम वेगळे होते.

आधुनिक ऑलिंपिकची सुरुवातही बेशिस्तच म्हणावी लागेल. १८९६ मध्ये अथेन्सला वजनगट नव्हतेच. अंधार पडल्याने अंतिम कुस्ती थांबवावी लागली आणि ती दुसऱ्या दिवशी जिंकणारा जर्मनीचा कार्ल शूमान मुळात जिम्नॅस्ट होता! पायांना मोकळीक देणारी फ्रीस्टाइल १९०४ मध्ये सेंट लुईसला दाखल झाली.

याच फ्रीस्टाइलमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव उतरले. तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती, तरी १९४८ मध्ये लंडनला त्यांनी सहावा क्रमांक मिळवला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तर कुस्तीलाच ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस झाली. मग जागतिक महासंघाने घाईने नियम सुटसुटीत केले आणि सप्टेंबरमध्ये खेळ वाचला. तेव्हापासून पुरुषांची असो वा महिलांची, कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची असते आणि कोणी चितपट झाले नाही, तर निकाल गुणांवर लागतो. क्लाइन-आसिकाइनेन यांच्या एका लढतीत अशा ११६ कुस्त्या सहज बसल्या असत्या.