वाऱ्याच्या हिशेबातली गाडी

नमस्कार श्रोतेहो. मार्च 1961. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वार या इंग्लिश कंपनीने आपली नवी स्पोर्ट्स कार, ई-टाइप, लोकांपुढे आणली. बंद टपाची कूपे तिथे होती, पण तीत बसून चक्कर मारायला अशी झुंबड उडाली की एक गाडी पुरेना. मग इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या कारखान्याला निरोप गेला: उघड्या टपाची दुसरी गाडी ताबडतोब पाठवा! कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन ड्युईस रात्रभर गाडी हाकत निघाले, मध्ये बोटीने खाडी ओलांडली आणि सकाळी ऐन वेळेला जिनिव्हात दाखल झाले. नव्या गाडीची याहून चांगली जाहिरात कुठली?

तिचा आकार आखला माल्कम सेयर यांनी. हे गृहस्थ मूळचे विमानांच्या कारखान्यातले. वारा अंगावरून कसा घसरेल याची गणितं मांडायची आणि त्या आकड्यांतून वळणं कागदावर उतरवायची, ही त्यांची पद्धत. 1955 ते 57 अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकणारी जॅग्वारची डी-टाइपही त्यांच्याच हातची. लोक ई-टाइपच्या रूपावर भाळले. ते रूप आलं मात्र हिशेबातून.

जवळून पाहिलंत तर गंमत दिसते. पुढची काच रुंद पण बुटकी, म्हणून तिला दोन नाही, चक्क तीन वायपर! बॉनेट तर इतकं लांब की निम्मी गाडी तेच, आणि ते पुढच्या बाजूला कलंडून उघडतं. आत 3.8 लिटरचं सहा सिलिंडरांचं इंजिन, ताशी सुमारे 240 किलोमीटरचा दावा. किंमत मात्र अॅस्टन मार्टिनच्या निम्म्याच्या आसपास. उंच माणसाचे गुडघे सुरुवातीच्या गाड्यांत अवघडायचे, हेही खरं.

1964 मध्ये इंजिन 4.2 लिटरचं झालं. पुढे अमेरिकेचे सुरक्षा-नियम आडवे आले, दिव्यांवरची ती देखणी काचेची झाकणं गेली. 1971 मध्ये बारा सिलिंडर आले. ताकद वाढली, अंगही सुटलं; मला विचाराल तर पहिलीच खरी.

1974 पर्यंत 72 हजारांहून जास्त गाड्या बनल्या. त्यांतली एक निळी, उघड्या टपाची, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. आणि जॅग्वार कंपनी? 2008 मध्ये ती आपल्या मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली.