प्रीमियम बाईचा, प्रीमियम बाप्याचा

(सांगलीतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, ही बाई आता बायका गाडी कशी चालवतात यावर बोलणार. त्यावरचे विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतात, ते मी पुन्हा सांगणार नाही. माझी नोकरी जनरल इन्शुरन्समध्ये गेली. आधी प्रस्ताव तपासायचे, नंतर क्लेमच्या फायली. त्यामुळे माझ्या डोक्यात येणारा प्रश्न साधा, पैशाचा आहे. बाईने गाडीच्या विम्याला पुरुषापेक्षा कमी पैसे द्यावेत का? आणि कायद्याने दोघांना सारखंच मोजायला लावलं, तर नेमकं काय होतं?

याचं उत्तर युरोपात मिळतं, कारण तिथे हा प्रयोग खरोखर झाला.

तिकडे पॉलिसी चालकाकडे बघून देतात. गाडी कोण कोण चालवणार त्यांची नावं, वय, लायसन किती जुनं, हे सगळं अर्जात लिहायचं. तरुण मुलगे जोरात हाणतात आणि मोठे अपघात करतात, हे कंपन्यांच्या आकड्यांत वर्षानुवर्षं दिसत होतं. म्हणून विशीतल्या मुलीला विमा स्वस्त आणि तिच्याच वयाच्या भावाला महाग. ब्रिटनमध्ये तर खास बायकांसाठीच्या कार विम्याचे ब्रँड निघाले होते. शीलाज व्हील्स नावाचा एक २००५ साली आला, गुलाबी जाहिराती वगैरे करून.

त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, युरोपीय संघाने एक निर्देश काढला होता. वस्तू आणि सेवा देताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही. विम्याच्या हप्त्यातही नाही. पण विमा कंपन्यांचं वजन मोठं. त्यामुळे त्यातच एक पळवाट ठेवली गेली. आकडेवारीने फरक सिद्ध होत असेल, तर सदस्य देशाने तो चालू ठेवायला हरकत नाही. आणि ही सवलत कधी संपणार, ते लिहिलंच नव्हतं.

बेल्जियममधली टेस्ट-अशा नावाची ग्राहक संघटना यावर कोर्टात गेली. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला निकाल दिला. समानता हे ध्येय म्हणायचं आणि अपवादाला मुदतच ठेवायची नाही, हे एकमेकांना धरून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीत लिंगावरून हप्ता ठरवणं बंद झालं.

आता गंमत बघा. समानता आली आणि त्याचा पहिला फटका बसणार होता तरुण मुलींना. त्यांची सवलत गेली. बाईच्या हक्कासाठी केलेल्या कायद्याने बाईचाच हप्ता वाढवला, असं तिकडे बरंच बोललं गेलं. पण कार विम्यापुरतंच बघून चालत नाही. पेन्शनची गोष्ट उलटी आहे. बाई जास्त जगते, म्हणून तेवढ्याच पैशात तिला दरमहा कमी पेन्शन मिळायची. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्यात तर बायकांच्या पगारातून पेन्शनसाठी पुरुषांपेक्षा जवळजवळ १५ टक्के जास्त कापत होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते बेकायदा ठरवलं. तेव्हा गटाचे आकडे आज तुमच्या फायद्याचे आहेत म्हणून ते न्याय्य होत नाहीत. उद्या तोच कागद तुमच्यावर उलटतो.

बरं, मग मुलामुलींचा हप्ता खरंच एक झाला का? कागदावर झाला. पण कंपनीने लिंगाचा रकाना खोडला, तरी बाकीचे रकाने होतेच. इंजिन किती मोठं, वर्षाला किती चालवता, धंदा काय करता. बांधकामावर जाणारा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन हे बहुतेक पुरुष. दवाखान्यात, शाळेत काम करणाऱ्या बहुतेक बायका. रकाना धंद्याचा, पण छाननी व्हायची ती शेवटी तशीच. युरोपीय आयोगाने तर डिसेंबर २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हे सरळ लिहून दिलं, की मोठ्या इंजिनाच्या गाड्या पुरुष जास्त चालवत असले तरी इंजिनावरून हप्ता ठरवायला हरकत नाही. कारण इंजिनाचा अपघाताशी स्वतःचा संबंध आहे. पण मोटार विम्यात माणसाची उंची आणि वजन विचारून हप्ता लावाल, तर ते चालणार नाही. तो लिंग विचारण्याचाच आडमार्ग झाला. मला ही सूचना फार आवडते. ज्याने कोणी ती लिहिली, त्याला विमा कंपन्यांची डोकी कशी चालतात ते चांगलं ठाऊक असणार.

कॅनडात अल्बर्टा प्रांतात वेगळीच तऱ्हा. तिथे लिंगावरून दर चालू होते. २०१८ मध्ये एका चोवीस वर्षांच्या मुलाची बातमी आली. नवी गाडी घ्यायची होती, हप्ता ऐकून हबकला. मग विचारलं, मी मुलगी असतो तर? वर्षाला सुमारे अकराशे कॅनेडियन डॉलर कमी. पठ्ठ्याने डॉक्टरांची चिठ्ठी मिळवली, सरकारी कागदांवर लिंग बदलून घेतलं आणि स्वस्तात पॉलिसी काढली. (हशा) हसण्यासारखं आहे खरं. पण ज्यांना हा कागद मनापासून हवा असतो, ज्यांचं आयुष्य त्यावर अडलेलं असतं, त्यांना ही चेष्टा महागात पडते. तेव्हा त्या मुलाचं कौतुक मला तरी होत नाही.

कॅलिफोर्नियात १९८८ च्या मतदानानेच ठरलं होतं, की कार विम्यात आधी तीन गोष्टी बघायच्या: तुमचा चालवण्याचा इतिहास, वर्षाचे मैल आणि किती वर्षं चालवताय. पण लिंगाचा रकाना तिथेही पुढे तीस वर्षं टिकला. तो २०१९ पासून बंद झाला.

आता माझं मत सांगते. विमा कंपनीच्या दृष्टीने न्याय म्हणजे ज्याची जोखीम जास्त, त्याने जास्त भरावं. यात चूक काही नाही, धंदा तसाच चालतो. पण ही जोखीम माणसाची नसते, ज्या खोक्यात त्याला टाकलं त्या खोक्याची असते. खोकी कशी पाडायची, ते आपण ठरवतो. आपल्याच जिल्ह्यात बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. गावभागात बोळाबोळांत गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. त्याच जिल्ह्यात जतला प्यायच्या पाण्याला टँकर. जतची गाडी एमएच १०, गावभागातली गाडीही एमएच १०, विम्याचा दर ठरवायला देशाचे जे झोन पाडलेत, त्यांत दोन्ही झोन बी. विमा विभागणीत जतवाला वर्षानुवर्षं आपल्या पुराचा भार थोडाथोडा उचलत आलाय, आणि त्याबद्दल कोणी तक्रार घेऊन आलेलं मला आठवत नाही. पुण्याची गाडी मात्र झोन ए, तिला जास्त. म्हणजे कुठला फरक मोजायचा आणि कुठला पोटात घालायचा, हे गणित ठरवत नाही. माणसं ठरवतात. मग जो विमा काढणं कायद्याने सक्तीचं आहे, त्याचा दर तरी माणसाच्या हातात असलेल्या गोष्टींवर ठरावा. वेग, अंतर, मागचे अपघात. जन्माने मिळालेल्या गोष्टीवर नको.

पुराचा विषय निघालाय तर जाता जाता. पाण्यातून निघालेली गाडी चावी मारून बघायची नाही. टो करून न्यायची. पाणी ओढून इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचा क्लेम अडतो. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड कव्हर घेतलं असेल तरच मिळतो. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये यावरून लोक फार भांडले.

आपल्याकडचं चित्र निराळं आहे, कारण आपण चालकाचा नाही, गाडीचा विमा काढतो. लायसन असलेला कोणीही ती चालवू शकतो. गाडी सासूबाईंच्या नावावर, चालवतो नातू. मालकाचं लिंग विचारून कंपनीला काय कळणार? थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या सक्तीच्या विम्याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले सांगते: १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. त्या तक्त्यात सीसी आहे, बाई-पुरुष कुठेच नाही. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून कंपन्यांच्या हातात गेले, पण तिथेही आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, गाडीचं वय, झोन आणि नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याची सवलत यांचंच वजन. २०२२ मध्ये विमा नियामकाने चालवाल तेवढं आणि चालवाल तसं भरा अशी जोड कव्हरंही मंजूर केली. ते मला पटतं.

तेव्हा हप्त्यात लिंगभेद शोधायला जाल, तर आपल्याकडे फारसं हाती लागणार नाही. तो शोधायचा असेल तर भरपाईत शोधा.

अपघातात माणूस गेला, की भरपाई ठरवणारं न्यायाधिकरण विचारतं, कमावत किती होता? पुरुषाचा पगाराचा दाखला येतो, कारखान्याचं उसाचं बिल येतं. बाईच्या फाईलमध्ये व्यवसायाच्या रकान्यात काय असतं? ‘घरकाम’. आणि पुष्कळदा ‘काही नाही’. पंचनामा करणारा लिहितो, घरचेही तेच सांगतात. मी अशा फायली वाचल्यात. पहाटे चार म्हशींची धार काढणारी बाई, आणि डेअरीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर. दहा दिवसांचं दुधाचं बिल त्याच्या खात्यात. ती गेली तर कागदावर त्या घराचा एक रुपयाही बुडालेला नसतो. बुडतं काय, ते दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात कळतं.

मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या जुन्या तक्त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावणाऱ्याच्या एक तृतीयांश धरायचं असं लिहिलेलं होतं. म्हणजे कारकुनाची बायको स्वस्त आणि साहेबाची महाग, काम दोघींचं तेच. २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. ते प्रकरण जमशेदपूरच्या आगीचं होतं, पण अपघाताच्या दाव्यांतही त्याचा आधार घेतला गेला. मग २०१० मध्ये अरुण कुमार अग्रवाल प्रकरणात त्या एक तृतीयांशवर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवलं. आणि जानेवारी २०२१ चा कीर्ती प्रकरणातला निकाल तर मुळातून वाचण्यासारखा आहे. दिल्लीत मोटारसायकलवर नवरा-बायको दोघंही गेले. न्यायालयाने वेळेच्या वापराचं सरकारी सर्वेक्षण पुढे ठेवलं: घरातल्या बिनपगारी कामावर बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. आणि सांगितलं, की गृहिणीचं उत्पन्न मानून धरताना ते पुढे वाढलं असतं, हेही धरावं लागेल.

निकाल चांगला आहे. पण न्यायाधिकरणापुढे तो दाखवायला वकील लागतो, आणि तडजोडीत फाईल मिटवताना हे सगळं कुणाला आठवतं? दुधाचं खातं, बचत गटाचं पुस्तक, शिवणकामाच्या पावत्या बाईच्या नावाने असतील, तर दावा एकदम वेगळा उभा राहतो. ‘काही नाही’ लिहू देऊ नका.

इथे एका गृहस्थांची चिठ्ठी आलीय. गाडी मिसेसच्या नावाने घेतली तर विमा स्वस्त पडतो का? हा प्रश्न येणारच होता. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे लोकांना वाटतं गाडीलाही असेल. थर्ड पार्टीत तर नक्की नाही. उलट दोन गोष्टी हातच्या जातात. एक, तुमच्या जुन्या गाडीवरचा पन्नास टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस तुमच्या नावाचा आहे. तुम्ही हयात असेपर्यंत तो बायकोच्या पॉलिसीला लागत नाही. दुसरी जास्त गंभीर. पॉलिसीबरोबर मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात कव्हर मिळतं, ते आरसीवर नाव असलेल्या मालकाला, आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तरच. गाडी वहिनींच्या नावावर, चालवता तुम्ही. समोर दुसरी गाडी नाही, रात्री झाडावर आदळलात. ते १५ लाख तुमच्यासाठी नाहीतच. वहिनींकडे लायसन नसेल, तर त्यांच्यासाठीही नाहीत. थर्ड पार्टीखालीही काही मिळत नाही, कारण मालकाची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निंगम्मा प्रकरणात म्हटलंय.

तेव्हा गाडी खुशाल त्यांच्या नावावर घ्या. पण तुमच्यासाठी वेगळी अपघात विमा पॉलिसी काढा, आणि वहिनींना लायसन काढून द्या. विश्रामबागेत सकाळी सहाला रस्ते मोकळे असतात, शिकायला काही अडचण नाही.