कामावरून काढलंय? सही करायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी, जिथे कुठे कंपनीच्या बसमध्ये नाहीतर दुकानात बसून तुम्ही हे ऐकताय, आज मला तुमच्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. नोकरीवरून अचानक काढलं आणि कारण पटण्यासारखं नाही, तर कायद्याने आपल्याला काय करता येतं. माझ्याकडे येणाऱ्या लोकांच्या केसेस बघून सांगते, कायदा बऱ्यापैकी कामगाराच्या बाजूने आहे, पण पहिल्या आठवड्यात घाबरून केलेली एक सही आख्खी केस कमजोर करून टाकते.

ती सही कशी होते बघा. शिफ्ट सुटायच्या वेळेला एचआरच्या केबिनमध्ये बोलावतात, मोबाईल बाहेर ठेवायला लावतात, समोर टाइप केलेला राजीनामा तयारच असतो आणि म्हणतात, सही कर, एक्सपिरियन्स लेटर मिळेल, नाहीतर चोरीची केस टाकू, कुठेच नोकरी लागणार नाही. माणूस हादरतो, घरचे हप्ते डोळ्यापुढे येतात आणि तो सही करून मोकळा होतो. भाऊ, ताई, राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली, मग कंपनीला ना नोटीस द्यायला लागते ना चौकशी करायला लागते. म्हणून सही करू नका. काढायचंच असेल तर लेखी ऑर्डर द्या म्हणा. आणि झालीच असेल सही, तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला ईमेल करा आणि स्पीड पोस्टनेही पत्र पाठवा की माझ्याकडून दबावाखाली सही घेतली, हा राजीनामा मला मान्य नाही, मी कामावर यायला तयार आहे. महिन्याभराने पाठवलं तर त्याला तेवढा जोर राहत नाही.

दुसरा प्रकार त्याहून जास्त बघायला मिळतो. लेटर नाही, काही नाही, सकाळी गेटवर पंचिंग होत नाही आणि सिक्युरिटीवाला सांगतो तुझं नाव लिस्टमधून काढलंय. माणूस दोन-चार दिवस चकरा मारतो, सुपरवायझरला फोन करतो, मग घरी बसतो. पुढे कोर्टात कंपनी काय म्हणते, आम्ही कुठे काढलं, तोच यायचा बंद झाला. तेव्हा गेटवरून परत फिरलात की तिथेच उभं राहून सुपरवायझरला नाहीतर एचआरला मेसेज टाका, आज अमुक तारखेला सकाळी सात वाजता फर्स्ट शिफ्टला आलो होतो, आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी परत जा, परत टाका. आणि समजा खरंच काही दिवस गैरहजर होतात, तरी नुसतं त्या कारणाने, तुमचं म्हणणं न ऐकता नाव कापता येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच हे स्पष्ट केलंय.

आता हा कायदा कोणाला लागू? औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. दोन्हीकडे मुद्दा एकच, तुम्ही कामगार आहात का. इथे लोक फार गोंधळतात, कारण आजकाल सगळ्यांच्याच आयकार्डवर एक्झिक्युटिव्ह नाहीतर ऑफिसर लिहिलेलं असतं. कोर्ट हुद्दा बघत नाही, दिवसभर तुमचं मुख्य काम काय ते बघतं. मशीन चालवता, हिशेब लिहिता, डेटा भरता, कोणाची रजा मंजूर करायचा किंवा कोणाला काढायचा अधिकार तुम्हाला नाही, तर कार्डावर काहीही लिहिलेलं असू दे, तुम्ही कामगार ठरू शकता. खरोखर सुपरवायझरचं काम असेल तर पगाराची मर्यादा बघतात, जुन्या कायद्यात महिना १०,००० होती, संहितेत १८,००० आहे.

काम कमी झालं म्हणून काढतोय असं म्हणत असतील तर त्याला कपात म्हणतात आणि तिचे नियम आहेत. वर्षभरात २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावाच लागतो, तोही काढतानाच, सावकाश बघू म्हणून चालत नाही. हे २४० दिवस मोजताना पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरायचे, १९८५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बरेच जण फक्त हजेरीचे दिवस मोजतात आणि आपले भरले नाहीत म्हणून गप्प बसतात. पण दिवस भरले हे दाखवायची जबाबदारी कामगारावर आहे, म्हणून पगाराच्या स्लिपा, पीएफचं पासबुक, ईएसआयसी कार्ड, बँकेचं स्टेटमेंट सगळं जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं शिफ्टचं शेड्युलसुद्धा. दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन वर्षानुवर्षं टेम्पररीच ठेवायचं, परमनंटचे फायदे द्यायचे नाहीत, हीसुद्धा महाराष्ट्राच्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे.

आरोप ठेवून काढत असतील तर आधी चार्जशीट, म्हणजे लेखी आरोपपत्र, मग चौकशी, त्यात तुम्हाला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत. चार्जशीट हातात घ्या, नाकारू नका, वेळेत लेखी उत्तर द्या. जिथे स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या अटींचे कायदेशीर नियम लागू आहेत तिथे चौकशी चालू असताना सस्पेंड केलं तर पहिले ९० दिवस अर्धा पगार आणि तुमच्यामुळे लांबलं नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळतो.

मग जायचं कुठे? दोन रस्ते आहेत. एक, नाशिकच्या कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात अर्ज, तिथे अधिकारी दोघांना बोलावून तडजोड करायचा प्रयत्न करतात आणि ४५ दिवसांत जमलं नाही तर तुम्ही पुढे दाद मागू शकता, युनियन पाहिजेच असं काही नाही, एकटा कामगारही जाऊ शकतो. याला जुन्या कायद्यात तीन वर्षांची मुदत होती, संहितेत दोन वर्षं आहे. दुसरा रस्ता आपल्या महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथा रोखणारा १९७१ चा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू पल्प म्हणतात. आकसाने काढलं, खोटा आरोप लावला, युनियनमध्ये गेला म्हणून काढलं, तर थेट कामगार न्यायालयात तक्रार, आणि यात कोर्ट केस चालू असतानाच अंतरिम, म्हणजे तात्पुरता आदेश देऊ शकतं, ही मोठी गोष्ट आहे. पण याची मुदत फक्त ९० दिवस. उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नका. कॅलेंडरवर काढल्याची तारीख लिहा आणि ९० दिवस संपायच्या आत वकील गाठा, मग दोन्ही रस्ते उघडे राहतात. ही तक्रार एकदा टाकली की त्याच गोष्टीसाठी दुसऱ्या कायद्याखाली जाता येत नाही, तेव्हा निवड आधी नीट करा. कॉन्ट्रॅक्टरकडून लागला असाल आणि कंपनी म्हणत असेल हा आमचा माणूसच नाही, तर पल्पची तक्रार सहसा टिकत नाही, तुमच्यासाठी पहिलाच रस्ता बरा.

खोटी आशा मी दाखवणार नाही, केस वर्षानुवर्षं चालते. पण जिंकलात तर काय मिळतं तेही ऐका. परत कामावर घ्यायचा आदेश होऊ शकतो किंवा त्याऐवजी एकरकमी भरपाई. मधल्या काळाच्या पगाराबद्दल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या केसमध्ये सांगितलं की बेकायदा काढलं असेल तर मागचा पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी आपण दुसरीकडे कमवत नव्हतो हे तुम्ही शपथेवर सांगायचं, खोटं आहे म्हणायचं असेल तर कंपनीने सिद्ध करायचं. म्हणजे या काळात पोटासाठी काही काम केलं तर लपवू नका, उघडकीला आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

खाजगी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत शिकवणाऱ्यांसाठी वेगळा कायदा, १९७७ चा, आणि शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला फक्त ३० दिवस. शिक्षक मंडळींनो, सुट्टी संपल्यावर बघू म्हणू नका. आणि बायकांसाठी, गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या रजेवर असताना काढणं बेकायदा आहे, हे मी ठासून सांगते, कारण आमच्या पॉलिसीत बसत नाही असं तोंडावर सांगणारे एचआर आजही आहेत. मॅनेजर लोकांना कामगार न्यायालय नाही, त्यांना सिव्हिल कोर्टात अपॉइंटमेंट लेटरमधल्या नोटीस पिरियडच्या पगारासाठी जावं लागतं, नोकरी परत मिळणं तिथे अवघड असतं.

लढायचं नसलं तरी हक्काचे पैसे सोडू नका. काढल्यावर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, तीही ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याजासकट. पीएफ तुमचा आहे, कंपनीला तो अडवता येत नाही. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदावर सही मागितली तर खाली हाताने लिहा, हक्क राखून स्वीकारले, आणि फोटो काढून ठेवा.

वकिलाची फी कुठून आणू हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, सगळ्या महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ आपलं जिल्हा न्यायालय आहे ना, तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन लावा. जाताना अपॉइंटमेंट लेटर, शेवटच्या काही महिन्यांच्या स्लिपा, काढल्याचं लेटर असेल तर ते, नसेल तर गेटवरून टाकलेले मेसेज आणि पोस्टाची पावती सोबत न्या, आणि काय काय घडलं ते तारखेवार एका कागदावर घरीच लिहून घेऊन जा.