एका थेंबाचा तिसरा हिस्सा

(द्राक्षांच्या हंगामाआधी निफाड तालुक्यातल्या पिकअपचालकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, आधी हा कागद बघा. ड्रॉपरनं मी त्यावर डिझेलचा एक थेंब टाकतोय. पडला. आता मनातल्या मनात त्याचे तीन भाग करा. तुमची पिकअप सपाट रस्त्यावर साठच्या वेगानं चालली असेल, तर एक नॉझल एका फवाऱ्यात साधारण यातल्या एका भागाएवढंच डिझेल इंजिनात सोडतो.

हिशेब अवघड नाही. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेतंय असं धरा. दोन फेऱ्यांमागे एक फवारा, म्हणजे एका नॉझलचे सेकंदाला २०. चार नॉझलचे मिळून तासाला २ लाख ८८ हजार. लिटरला १२ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर तासाला ५ लिटर डिझेल जळतं. आता भागाकार करा. आणि हा एवढासा फवारा सुरू होऊन संपायला सेकंदाचा सातशेवा भागही पुष्कळ झाला. तुम्ही माझ्याकडे येऊन म्हणता, "दादा, गाडी ओढत नाही, नॉझल बदलून द्या." तेव्हा तुम्ही मला एवढ्या बारीक कामात हात घालायला सांगत असता. म्हणून मी पटकन हो म्हणत नाही. माझा धंदा नॉझल-पंपाचा असूनही म्हणत नाही.

आपण सगळ्यालाच नॉझल म्हणतो. खरं तर अख्खं अवजार म्हणजे इंजेक्टर. त्यात होल्डर आला, स्प्रिंग आली, शिम म्हणजे पातळ चकत्या आल्या. नॉझल म्हणजे त्याची टोकाची चोच. त्या चोचीत एक सुई असते. सुई आणि तिच्या घराच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास, यावरून अंदाज करा. म्हणूनच एका घरातली सुई दुसऱ्या घरात चालत नाही, ती जोडी जन्माची. आणि म्हणूनच कुणी नॉझल खोलून बनियनच्या चिंधीनं पुसायला लागला की माझ्या पोटात गोळा येतो. चिंधीचा एक धागा पुरतो. धुवायचं ते स्वच्छ डिझेलमध्ये आणि ओलं असतानाच बसवायचं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला यशस्वी ठरलं, तेव्हा असला नॉझल नव्हता. इंधन दाबाच्या हवेनं आत फुंकलं जायचं आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर बाळगावा लागायचा. असलं धूड गाडीत कुठे बसवणार? १९२७ मध्ये बॉशनं इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतले आणि डिझेल खऱ्या अर्थानं रस्त्यावर आलं. भारतात १९५१ मध्ये मायको निघाली, तीच आताची बॉश. आपल्या नाशिकच्या मायको सर्कलवरून तुम्ही रोज जाता ना? ते नाव या कंपनीचं. तिच्या नाशिकच्या कारखान्यात बनतात इंजेक्टर आणि नॉझलच. ज्या बोलेरोवरून तुमच्या पिकअपला नाव मिळालं, तीही नाशिकचीच. तेव्हा या विषयात आपण नाशिककरांनी अडाणी राहणं बरं दिसत नाही!

आता मुद्द्यावर येतो. मी बोलतोय ते जुन्या, साध्या यांत्रिक पंपाच्या २५२३ सीसी डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) गाड्यांबद्दल. कॉमन रेलचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजेक्शनचं, शेवटी सांगतो.

गाडी काळा धूर टाकते, कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर येते, अ‍ॅव्हरेज पडलं. नॉझल गेले असतील का? असतील. पण काळा धूर म्हणजे फक्त एवढंच, की आत गेलेलं डिझेल पुरतं जळलेलं नाही. डिझेल नीट फवारलं गेलं नाही म्हणून तसं होतं, तसंच हवा कमी पडली म्हणूनही होतं. गेल्या वर्षी पिंपळगावकडची एक गाडी आली होती. मालकानं आधीच दुसरीकडे चारही नॉझल बदलले होते, धूर जसाच्या तसा. मी एअर फिल्टरचं झाकण काढलं, तर आत कांद्याची पात म्हणू नका, टरफलं म्हणू नका, अख्खं खळं भरलेलं. फिल्टर नवा घातला आणि धूर निम्म्याहून कमी झाला. उरलेला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केल्यावर गेला. नॉझलचे पैसे फुकट गेले.

दुसरी एक गाडी सकाळी सुरूच व्हायची नाही, एकदा तापली की ठीक. तिथं टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पपाशी बारीक चीर होती. रात्रभरात त्यातून हवा शिरायची. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावून बघितलं, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. पाइप बदलला, बस्स. तेव्हा आधी हवा, मग डिझेलची वाट, मग टॅपेट आणि पंपाचं टायमिंग, आणि त्यानंतर नॉझल. उलट्या क्रमानं गेलात तर माझ्यासारख्यांची दुकानं चालतात, एवढंच.

बरं, नॉझलवरच संशय आहे. मग गाडी स्लोवर चालू ठेवून एकेका नॉझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. सैल केल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तिथं गडबड आहे. मात्र ही परीक्षा फक्त साध्या पंपाच्या गाडीवर घ्यायची, आणि तीही चेहरा लांब ठेवून.

नंतर नॉझल टेस्टरवर. हा बघा, टेबलावर आणलाय. हातानं दाबायची लिव्हर, वर गेज. जुन्या डीआय गाडीचा नॉझल उघडतो २०० बारच्या आसपास. तुमच्या मागच्या टायरात हवा चार-पाच बार असते, त्याच्या चाळीस-पन्नासपट. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच धरायचा. दाब कमी भरला तर स्प्रिंगमागचा शिम बदलायचा. अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या शिमनं साधारण चार-पाच बारचा फरक पडतो.

मी मात्र गेजआधी कान लावतो. चांगला नॉझल लिव्हर मारताना कुरकुरतो, दारावर नख घासल्यासारखा. बिघडलेला मुकाट्यानं मुततो. शब्द बरा नाही, पण ज्याच्याकडे मी काम शिकलो ते उस्ताद हाच शब्द वापरायचे आणि याहून नेमका मला अजून सापडलेला नाही. मग उघडण्याच्या दाबाच्या वीस बार खाली दाब धरून ठेवायचा आणि दहा अंक मोजायचे. टोक ओलसर झालं तर चालेल, थेंब लोंबता कामा नये. तो लोंबणारा थेंब इंजिनात अवेळी पडतो, पिस्टनच्या डोक्यावर जळतो, आणि ठकठक तिथून सुरू होते.

चारही नॉझल एकाच दाबावर उघडले पाहिजेत. एकच गेला म्हणून एकच नवा टाकायचा आणि बाकीचे तीन टेस्टरवर बघायचेही नाहीत, असं करू नका. चार बैलांचा नांगर आणि एकच बैल तरणा, कसं चालेल?

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुमच्याही गॅरेजमध्ये होते. नॉझल हेडमध्ये बसतो तिथं खाली तांब्याचा वायसर असतो. जुना नॉझल वर येतो, पण वायसर बऱ्याचदा कार्बनमध्ये चिकटून खालीच राहतो. वरून बघितलं तर काळ्यात काळा, दिसत नाही. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी एका गाडीत तो तसाच ठेवून वर नवा वायसर घातला. दोन वायसर झाले, नॉझलचं टोक वर राहिलं, फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायचा तो भलतीकडेच. शिवाय नीट बसला नाही म्हणून कॉम्प्रेशन फुस्स-फुस्स करत बाहेर. आठ दिवसांत गाडी परत आली, नॉझलभोवती डांबरासारखं काळं. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्या दिवसापासून आमच्याकडे काढलेले चार वायसर ताटलीत मोजून ठेवल्याशिवाय नवं पाकीट फुटत नाही.

अडकलेला नॉझल काढताना हातोडी नको. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल सोडायचं, सकाळी थोडा उलट-सुलट हलवत काढायचा. भोकात आधी स्वच्छ कापडाचा बोळा, मगच आजूबाजूचं खरवडायचं. बसवताना दोन्ही बाजूंचे नट थोडे थोडे करून सारखे आवळायचे, टॉर्क रेंचनं. शेवटी डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंप हातानं मारत हवा काढायची. बुडबुडे संपेपर्यंत. स्टार्टर मारत बसून बॅटरी उतरवण्यात शहाणपण नाही.

आणि पिकअप, म्हणजे गाडीची ओढ, वाढणार का? हा प्रश्न मला रोज विचारला जातो. नाही, वाढणार नाही. कारखान्यातून निघताना होती ती परत येईल. लाखो किलोमीटरमध्ये ती इतकी हळूहळू जाते की गेलेली कळत नाही, म्हणून परत आली की वाढल्यासारखी वाटते. ज्यांना खरोखर वाढवून हवी असते, ते पंपाचा स्क्रू आवळायला सांगतात. डिझेल जास्त जातं, हवा मात्र तेवढीच. दोन दिवस गाडी पळते, मग धूर, मग पिस्टनच्या डोक्यावर भेग. पीयूसीत नापास, ते वेगळंच. मी स्क्रूला हात लावत नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली आहेत, जाऊ देत.

अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत, त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालानं, कामाच्या आधी आणि नंतर. एका फेरीवरून बोलू नका. वाशीला जाताना घाट उतरायचा असतो आणि येताना चढायचा, हे विसरून भांडायला आलेले मी पाहिलेत.

डिझेलबद्दल एकच. रोटरी पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. त्यात रॉकेल मिसळलं की पंप आतून कोरडा घासतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आलं, तेव्हा जुने पंप मरणार अशी आवई उठली होती. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरं, पण तो भरून काढण्याची सोय रिफायनरीतच होते. माझ्याकडे आलेले मेलेले पंप पाण्यानं आणि भेसळीनं मेलेले होते. डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडत जा.

कॉमन रेलवाल्यांनो, तुमचं वेगळं. तिथं हजार बारच्या वरचे दाब असतात, चालू गाडीवर नट सैल करायचाच नाही. तो फवारा कातडीतून आत शिरतो. बाहेर टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत हात सडतो. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा. तिथं संशय आला तर रिटर्न लाइनला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना, चार बाटल्या लावून कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत टाकतो ते बघतात. आणि बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरवरचा कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरावा लागतो.

बोलणं पुष्कळ झालं. इथं दोन नॉझल आणलेत, एक चांगला, एक गेलेला. कुठला कोणता ते मी सांगणार नाही. एकेकानं पुढे या, लिव्हर मारा आणि कान देऊन ऐका. पेपर खाली धरलाय, फवारा त्यावर बघा. बोट मात्र कुणी टोकाखाली नेऊ नका.