ला गोमेराची शिट्टी

अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांपैकी हे ला गोमेरा. मध्यभागी गाराहोनायचे जवळपास 1,500 मीटर उंचीचे शिखर आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावरून थेट समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या या खोल दऱ्या. समोरच्या उतारावरचे घर नजरेच्या टप्प्यात आहे, परंतु तिथवर जायचे तर आधी दरीच्या तळाशी उतरावे लागते आणि मग तेवढीच चढण चढावी लागते. पायवाटेखेरीज दुसरा रस्ता नव्हता त्या काळात पलीकडच्या शेजाऱ्याला निरोप द्यायचा, तर येथील माणसे शिट्टी वाजवत आणि त्या शिट्टीतून संपूर्ण वाक्ये बोलत. हाच सिल्बो गोमेरो.

आता शिट्टी वाजवणाऱ्याच्या हातांकडे नीट पाहावे. दुमडलेल्या बोटाचे पेर तोंडात गेले आहे. त्याने जिभेचे टोक दाबून धरले जाते आणि हवा निसटायला अरुंद फट तेवढी उरते. दुसरा हात गालाशी आडवा धरून आवाजाला दिशा दिली आहे. बोट जागचे हलत नाही. तोंडाच्या आत जीभ मात्र बोलताना होते तशीच मागेपुढे होत राहते आणि तिच्याबरोबर शिट्टीचा सूर चढतो, उतरतो.

वाजते आहे ती स्पॅनिशच. तिचे पाच स्वर शिट्टीत दोनच उरतात: ‘इ’ आणि ‘ए’ उंच सुरात, बाकीचे खालच्या सुरात. व्यंजनांना चार खुणा पुरतात, कारण सूर वर जातो की खाली आणि सलग राहतो की मध्येच तुटतो, एवढ्यावरच ती ओळखली जातात. त्यामुळे कित्येक शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणूनच आधी नावाने हाळी दिली जाते, पलीकडून ओ आली की मजकूर सांगितला जातो आणि शंका वाटली तर ऐकणारा तो पुन्हा वाजवायला लावतो. हवा साथ देत असेल तर हा आवाज पाच किलोमीटरपर्यंतही पोहोचतो.

स्पॅनिश येण्यापूर्वी येथील मूळ रहिवासी आपली भाषा अशीच शिट्टीतून बोलत असत. पंधराव्या शतकात बेट जिंकले गेले, ती भाषा कालांतराने लोपली आणि शिट्टीने नव्या भाषेचे शब्द उचलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र शेती परवडेनाशी झाली, माणसे पोटापाण्यासाठी व्हेनेझुएलाला गेली, रस्ते आणि टेलिफोन आले आणि शिट्टी म्हाताऱ्या गुराखी-शेतकऱ्यांपुरती उरली.

1999 साली बेटावरील शाळांत सिल्बो सक्तीचा विषय झाला. या वर्गाचे महत्त्व मोठे आहे. 2009 साली युनेस्कोने सिल्बोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, परंतु त्याआधीची दहा वर्षे मुले बाकांवर बसून एकमेकांची नावे वाजवायला शिकतच होती. पहिले काही तास नुसती हवाच बाहेर पडते. सूर धरायला सराव लागतो आणि तो सराव रोजच्या वेळापत्रकातच होऊ शकतो. घरातून ओसरत चाललेली भाषा मुलांच्या तोंडी राहावी असे खरोखर वाटत असेल, तर तिला वर्गात असा हक्काचा तास द्यावाच लागतो.

आज या मुलांच्या खिशात मोबाईल आहे. दरीपलीकडे निरोप धाडण्यासाठी त्यांना शिट्टीची गरज पडत नाही आणि वर्गाबाहेर ती बहुतेक वेळा पर्यटकांसमोरच्या प्रात्यक्षिकांत ऐकू येते.