रक्त ‘भरपूर’ असतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या घरांत रक्ताची एकच काळजी असते, ते कमी तर नाही ना? मुलगी जरा फिकी दिसली की बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतात. पण रक्त जास्त झालं म्हणून घाबरलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. हिमोग्लोबिन अठराच्या वर गेलं की माणूस खूश होऊन रिपोर्ट चारचौघांना दाखवतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि आज मला या जास्तीबद्दलच बोलायचं आहे.

साठीच्या आसपासचे एक शेतकरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला आले होते. हिमोग्लोबिन १८.९, हिमॅटोक्रिट ५७, प्लेटलेट सहा लाखांच्या वर. हिमॅटोक्रिट म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशींनी किती भाग व्यापलेत ते. ते हसून म्हणाले, “डॉक्टर, रक्त भरपूर आहे ना?” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “यांना आंघोळ झाली की अंगभर खाज सुटते हो. पुरळ काही दिसत नाही. साबण तीनदा बदलला.”

त्या बाईंचं ते एक वाक्य अख्ख्या रिपोर्टाइतकं मोलाचं होतं.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होतं. तिथल्या एखाद्या मूळ पेशीत बिघाड होतो आणि तिची पिलावळ गरज नसताना वाढत राहते. लाल पेशी वाढल्या तर पॉलिसायथेमिया व्हेरा; आंघोळीनंतरची ती खाज याचीच खूण असू शकते. फक्त प्लेटलेट वाढल्या तर इसेन्शियल थ्रोम्बोसायथेमिया. मज्जेत तंतूंचं जाळं होऊन ती घट्ट होत गेली तर मायलोफायब्रोसिस, त्यात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट जड होतं. ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, असं विल्यम डॅमशेक यांनी १९५१ मध्ये मांडलं. रक्त दाट झालं की गुठळी होण्याची भीती असते, मेंदूत, हृदयात, कधी यकृताच्या शिरेतही.

पण आकडा वाढला म्हणजे हाच आजार, असं मुळीच समजू नका. विडी-सिगारेटने, फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने, झोपेत श्वास अडकण्याने हिमोग्लोबिन वाढतं. जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं तरी वाढलेलं दिसतं. प्लेटलेट तर लोह कमी असलं, जंतुसंसर्ग असला, क्षय असला तरी चढतात. म्हणून पुरुषांत १६.५ आणि बायकांत १६ च्या वर हिमोग्लोबिन, किंवा साडेचार लाखांवर प्लेटलेट, असं दिसलं की पहिलं काम म्हणजे काही दिवसांनी पुन्हा तपासणी. वाढ टिकून असेल तरच पुढे जायचं.

आणि काचपट्टी पाहायची. हे मी आग्रहाने सांगते. जांभळ्या झाकणाच्या नळीतला एक थेंब काचेवर ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो जिभेसारखा पातळ ओढायचा, वाळवायचा, लीशमन रंग द्यायचा. मशीन पेशी मोजतं, पण काही वेळा लाल पेशींचे बारीक तुकडेच प्लेटलेट म्हणून मोजून मोकळं होतं. काचेवर ते लगेच कळतं. मायलोफायब्रोसिसमध्ये लाल पेशी अश्रूच्या थेंबासारख्या दिसतात, एका टोकाला शेपूट काढलेल्या. घट्ट झालेल्या मज्जेतून आणि पाणथरीतून कशाबशा निसटल्यासारख्या. इतकी वर्षं पाहतेय, तरी अशी पेशी दिसली की हात क्षणभर थांबतो.

त्या शेतकऱ्यांची रक्त गोठण्याची चाचणीही लांबलेली आली होती. ती चूक नळीची होती. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं औषध ठरलेलं असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. रक्त इतकं दाट असलं की त्यात द्रव कमी, मग औषध जास्त होतं आणि निकाल चुकतो. औषध बेताने कमी करून पुन्हा नमुना घेतला. निकाल व्यवस्थित आला.

मग एरिथ्रोपोएटिन तपासलं. मूत्रपिंडातून मज्जेला ‘लाल पेशी बनव’ असा निरोप नेणारा हा संप्रेरक. धूम्रपानासारख्या कारणाने रक्त वाढलं तर तो बहुधा कमी होत नाही. यांचा मात्र पार खाली होता. म्हणजे निरोप नसतानाच कारखाना चालू होता.

शेवटी जॅक-२ या जनुकाची तपासणी. त्यातला एक ठरावीक बदल २००५ मध्ये चार वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवून दिला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांत तो सापडतो. बाकीच्या दोन आजारांत मात्र निम्म्याच्या थोडं वर. तिथे नसला तर कॅलरेटिक्युलिन आणि एमपीएल ही जनुकं पाहतात. उपाशी राहावं लागत नाही, हाताच्या शिरेतलं थोडं रक्त पुरतं. पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील तर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तपासलंच पाहिजे, कारण तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, असू शकतो आणि त्याच्यावर नेमक्या गोळ्या आहेत. मज्जेची तपासणी कुणाची करायची, ते रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात.

शेतकऱ्यांचा जॅक-२ पॉझिटिव्ह आला. त्यांचा पहिलाच प्रश्न, “पोरांनाही होणार का?” हा बदल जन्मतः आलेला नसतो, आयुष्यात पुढे कधीतरी त्या एका पेशीत होतो, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. उपचार म्हणून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली येईपर्यंत थोड्याथोड्या दिवसांनी रक्त काढणं.

पहिली पिशवी भरत असताना त्यांनी विचारलं, “हे कुणा गरजूला देता येईल का?” नाही म्हणावं लागलं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांच्या पत्नी आता दर वेळी रिपोर्ट स्वतः हातात घेतात आणि हिमॅटोक्रिटच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारतात, “पंचेचाळीसच्या आत आहे ना?”